आभाळाचा कडता

कापूस घेऊन गेलेल्या खानदेशी शेतकऱ्याला कडता म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. मालात ओल आहे, कवडी आहे, कचरा आहे असे म्हणत व्यापारी वजनातून काही किलो कापतो आणि उरलेल्याचा हिशेब करतो. कापले ते बरोबर की जास्त, मागच्या साली याच दिवसांत किती कापले होते, हे शेतकऱ्याला सांगता येत नाही, कारण वही त्याच्याकडे नसते. म्हणून दरसाल वाद होतो आणि दरसाल तोच हरतो.

आभाळही असाच कडता कापत असते. सूर्याचा किंवा ताऱ्याचा प्रकाश हवेत शिरला की त्यातला थोडा हवेच्या कणांमुळे विखुरतो, थोडा धूळ, धूर आणि बाष्प यांच्या पोटात जातो आणि उरलेला आपल्यापर्यंत पोचतो. किती पोचतो, त्यावरून वातावरणाची पारदर्शकता ठरते. हा कडता वर्षानुवर्षे लिहून ठेवणारी वही आमच्या जळगाव-धुळ्याकडे कुठल्याही डोंगरावर नाही, आणि ती नाही याची कुणाला खंतही नाही. आज भांडायचे आहे ते यावर. मी विज्ञानाचा माणूस नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालो आणि आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला. पण ज्यांनी बोलायचे ते बोलत नसतील तर निवृत्त मास्तराने तरी का गप्प बसावे?

पारावर हा विषय काढला की उत्तर ठरलेले असते. "गुरुजी, आभाय तेच शे, तुमना डोया थकी ग्यात." सगळे हसतात, मीही हसतो. सत्तरी उलटलेल्या आणि दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेल्या माणसाने 'आमच्या लहानपणी तारे काय दिसत हो!' असे म्हणावे, याला साक्ष म्हणून काय किंमत? उन्हाळ्यात धाब्यावर बाज टाकून झोपायचो तेव्हा आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसे. १९७० साली पहाटे उठून बेनेटचा धूमकेतू पाहिला, त्याचे शेपूट अजून डोळ्यांपुढे आहे. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. माझे डोळे थकले की आभाळ मळले, याचा निकाल लावायचा तर १९७० सालची एक वही हवी होती. अमुक तारीख, अमुक तारा, इतका प्रकाश. ती नाही, म्हणून मी जिंकू शकत नाही. आणि गंमत अशी की हसणारेही जिंकू शकत नाहीत! आभाळ तेच आहे असे म्हणायलासुद्धा तीच वही लागते.

लग्नात नवरानवरीला अरुंधती दाखवायची आपली पद्धत आहे. बाजेच्या, म्हणजे सप्तर्षींच्या, दांडीतल्या वसिष्ठाला बिलगलेली ती बारीक चांदणी दिसली की डोळे आणि आभाळ दोन्ही शाबूत. हल्ली भटजी मंगल कार्यालयाच्या छताकडे बोट करतात, नवरा मान डोलावतो आणि फोटोवाला फोटो काढतो. कुणी बाहेर अंगणात येत नाही. असो.

मोजणे अवघड आहे म्हणून मोजत नाही, असे कुणी म्हणत असेल तर ते साफ खोटे आहे. सातवीच्या मुलाला कळेल अशी रीत आहे. तारा डोक्यावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेची एक जाडी ओलांडून येतो. तोच तारा उतरत उतरत क्षितिजापासून तीस अंशांवर आला की त्याच प्रकाशाला दुप्पट हवेतून यावे लागते. एकाच रात्री, एकाच यंत्राने त्या ताऱ्याची चमक दोन्ही वेळा मोजायची. जेवढी घटली तेवढा हवेच्या एका जाडीचा कडता. मधल्या उंचीवर आणखी चार-सहा वेळा मोजले आणि आलेखाच्या कागदावर मांडले, तर चांगल्या रात्री ठिपके सरळ रेषेत येतात. रेघ जितकी उभी तितकी हवा मळकी. यात सौंदर्य असे की ताऱ्याचा मूळ प्रकाश किती, हे आधी ठाऊक असण्याची गरज नाही, कारण दोन्ही वेळा तारा तोच आणि यंत्रही तेच. पिएर बूगेर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने या मार्गाचे पुस्तक १७२९ साली छापले. तेव्हा इकडे पहिला बाजीराव पेशवा होता! पुढे अमेरिकेच्या लँगली यांनी हीच रीत सूर्याला लावली.

डोंगरच का हवा, हेही सांगतो. गावात मोजाल तर शेजाऱ्याच्या चुलीचा धूर मोजाल. हमरस्त्याच्या कडेला मोजाल तर मालट्रकची धूळ मोजाल. उंचावर गेले म्हणजे ही घरगुती घाण बरीचशी खाली राहते आणि मुलुखभर पसरलेल्या हवेची गोष्ट कळू लागते.

हे कुणी केले आहे का? केले आहे. हवाई बेटावर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या अंगावर सुमारे ३४०० मीटर उंचीवर एक वेधशाळा आहे. तारे पाहायची नव्हे, हवेची. तिथे १९५८ पासून सकाळच्या सूर्याचा प्रकाश वेगवेगळ्या उंचीवर मोजून पारदर्शकतेचा आकडा लिहिला जाऊ लागला. हवा निर्मळ असते तेव्हा सुमारे ९३ टक्के प्रकाश खाली पोचतो. १९६३ साली बालीचा आगुंग फुटला, आकडा पडला. १९८२ साली मेक्सिकोचा एल चिचोन फुटला, पुन्हा पडला. १९९१ साली फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला, तेव्हा तर धाडकन पडला आणि वर यायला काही वर्षे लागली. हजारो किलोमीटर दूरच्या डोंगराचा धुरळा हवाईच्या वहीत उतरला.

आता समजा, कुणी उत्साही माणसाने १९९२ साली मोजायला सुरुवात केली असती आणि १९९७ साली थांबला असता. त्याने शपथेवर सांगितले असते की जगाची हवा दरवर्षी स्वच्छ होत चालली आहे. आकडे खरे आणि निष्कर्ष खोटा! आधीची तीस-पस्तीस वर्षे वहीत होती म्हणून कळले की ही सुधारणा नव्हे, दुखणे बरे होत आहे. पाच वर्षांचा प्रकल्प, त्याचा अहवाल आणि त्याचे प्रकाशन, ही आपली आवडती रीत इथे उपयोगाची नाही. इथे चाळीस-पन्नास वर्षे एकच कंटाळवाणे काम करणारा लागतो. (नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआ स्वतःच फुटला आणि वेधशाळेचा रस्ता व वीज दोन्ही तुटले. वही लिहिणाऱ्यालाही डोंगर सोडत नाही.)

आमच्याकडे काय झाले ते पाहा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख. वीस इंचांची ग्रब यांची परावर्तक दुर्बीण तिथे होती, त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपले सामान घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले आणि त्यांनी त्याचा अहवालही छापला. अशा वेधशाळेचे पुढे काय व्हावे? १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकॅनॉलला रवाना झाले. एक माणूस निवृत्त झाला आणि दुकानाला कुलूप लागले. मीही निवृत्त झालो, माझ्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरे मास्तर आले. शाळा चालते ती अशी. वेधशाळेला ही साधी गोष्ट लागू नव्हती.

सामान गेले ते मात्र योग्य घरी गेले, हे कबूल केले पाहिजे. कोडाईकॅनॉलच्या जन्माची गोष्ट आपल्या शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळला. सूर्यावरचे डाग आणि पाऊस यांचा काही संबंध असावा, तो कळला तर दुष्काळ आधी ओळखता येईल, या आशेने सूर्याच्या नियमित निरीक्षणाचा आग्रह धरला गेला. त्यातून १८९९ साली पळणीच्या डोंगरात, सुमारे २३०० मीटर उंचीवर, कोडाईकॅनॉलची सौर वेधशाळा सुरू झाली. पावसाचे गणित काही त्यातून सुटले नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सूर्याचे जे फोटो तिथे दररोज घेतले गेले, त्यांच्या काचेच्या प्लेटा आज जगातले अभ्यासक मागून घेतात. ज्या कामासाठी वही उघडली ते झाले नाही आणि ज्याची कल्पनाही नव्हती ते झाले. 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारून फाइल बंद करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

मग आज महाराष्ट्रात डोंगरावरची वेधशाळा नाही का? आहे. पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आंबेगाव तालुक्यात गिरवलीला २००६ पासून आहे. तिथल्या मंडळींबद्दल मला आदरच आहे. पण खगोलशास्त्राचा एक स्वभाव मला खटकतो. ताऱ्याचा खरा प्रकाश काढायचा तर आभाळाने किती खाल्ला ते आधी काढावे लागते. म्हणून अचूक प्रकाशमापन करणारी कुठलीही वेधशाळा त्या रात्रीचा कडता काढते, हिशेबातून वजा करते आणि पुढे जाते. तारा हा माल, आभाळ हा कचरा! दूरच्या ताऱ्याचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण खाली राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या दृष्टीने तो कचराच माल आहे. ज्या हवेतून प्रकाश आला ती हवा आपण श्वासात घेतो, त्याच हवेतून पिकावर ऊन पडते. माझी मागणी एवढीच की डोंगरावरच्या प्रत्येक वेधशाळेने आपला रात्रीचा कडता वेगळ्या वहीत, एकाच रीतीने, साल-दर-साल लिहावा आणि कुणालाही वाचता येईल असा ठेवावा.

इथे एक घोटाळा निस्तरला पाहिजे. आकाश दिसेनासे झाले म्हटले की लोक दिव्यांकडे बोट दाखवतात. दिवे हा दोष आहेच. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली, त्याआधी २०२२ साली लडाखमध्ये हानले इथे काळोखी आकाशाचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. उत्तम झाले. पण दिवा विझवता येतो. दिवे ताऱ्यावर पांढरा पडदा टाकतात. धूळ आणि धूर ताऱ्याचा प्रकाशच खाऊन टाकतात. सगळ्या जिल्ह्याची वीज एका रात्री गेली (आमच्याकडे याचा अनुभव दांडगा आहे!) तर पहिला दोष नाहीसा होईल, दुसरा तसाच राहील. दोन्ही एकाच टोपलीत टाकले की दुसऱ्याकडे बघायचे राहूनच जाते.

आता 'आम्हाला तारे घेऊन काय करायचे आहे' म्हणणाऱ्यांसाठी. सूर्य हाही ताराच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी २००७ साली देशातल्या बारा ठिकाणच्या १९८१ ते २००४ या काळातल्या नोंदी मांडल्या. जमिनीवर पोचणारे ऊन दरवर्षी, चौरस मीटरमागे, सरासरी ०.८६ वॅटने कमी होत गेलेले दिसले. आकडा बारीक वाटतो, पण चोवीस वर्षांनी गुणून पाहा. आणि हा अभ्यास झाला कशामुळे? १९५७-५८ च्या भूभौतिक वर्षाच्या सुमारास हवामान खात्याच्या अॅना मणी यांनी देशभर ऊन मोजण्याच्या यंत्रांचे जाळे बसवण्याचा ध्यास घेतला म्हणून. तेव्हाही कुणीतरी 'उन्हाला काय मोजायचे' असे म्हटलेच असेल.

ते ऊन आज आमच्या दाराशी आले आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सरकारी सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. शेताशेतात सौर पंप बसत आहेत. पंपाने पाणी कमी ओढले तर शेतकरी पाट्या पुसतो, ते बरोबर. पण पाटीवरची धूळ पुसता येते, पाटी आणि सूर्य यांच्या मधली कोण पुसणार? कुठल्या महिन्यात ती किती असते, वाढते आहे का, पऱ्हाट्या जाळायच्या दिवसांत किती, दीपनगरच्या राखेची किती, राजस्थानकडून येणाऱ्या धुळीची किती, हे विचारायचे तर कुणाला विचारायचे? केळीच्या विम्यासाठी मंडळामंडळात हवामानयंत्रे बसली. ती पाऊस मोजतात, तापमान मोजतात, आर्द्रता आणि वारा मोजतात, कारण त्यावर पैसे ठरतात. हवेच्या निर्मळपणावर अजून कुणाचे पैसे ठरत नाहीत म्हणून ती मोजत नाहीत.

"उपग्रह आहेत की!" असे शिकलेले लोक म्हणतात. उपग्रह वरून पाहतो आणि खालच्या हवेचा अंदाज करतो. तो अंदाज बरोबर की चूक, हे ताडून पाहायला जमिनीवर मोजणारा लागतोच. शिवाय उपग्रहाचे आयुष्य थोडे. एक संपला, दुसरा आला, यंत्र बदलले की जुना आणि नवा आकडा जुळवण्यात अभ्यासकांची वर्षे जातात. त्याच टेकडीवर, त्याच ताऱ्याकडे तोंड करून बसलेले साधे यंत्र अशा वेळी पंचाचे काम करते.

आणि आता जे मला सर्वांत जास्त लागते ते. चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. गौताळ्याच्या जंगलातले ते पाटण. तिथल्या शिलालेखाची गोष्ट आम्ही खानदेशी लोक छाती फुगवून सांगतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या वेळी, त्या मठाला दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. अभिमान वाटावा असेच आहे. पण दान काय दिले, हे किती जण वाचतात? लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात आहे ती बाजाराच्या उत्पन्नाची भाषा. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावरचे राजाचे उत्पन्न मठाला. म्हणजे सोइदेवाने नुसती इमारत बांधून फीत कापली नाही. दरसाल, आपोआप, पैसा येत राहील अशी सोय केली. शिकवणारा मेला तर दुसरा शिकवणारा यावा म्हणून. आठशे वर्षांपूर्वीच्या एका लहानशा मांडलिकाला जे समजत होते, ते १९१२ च्या पुण्यातल्या सरकारला समजले नाही आणि आजही समजत नाही.

आज भास्कराचार्यांच्या नावाने काहीतरी भव्य करावे अशी बोलणी आमच्याकडे अधूनमधून निघतात. पुतळा, घुमट, प्रकाशझोत, वाहनतळ. ज्या माणसाने गोलाध्यायात एवढ्या यंत्रांची वर्णने करून शेवटी हातातली साधी काठी आणि बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र म्हटले, त्याच्या जंगलात आपण प्रकाशझोत लावणार! एका शाळेत मी असताना १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने दुर्बीण आली. चार दिवस मुले रांगेत उभी राहिली, मग ती कपाटात गेली. पुढे दरवर्षी डेडस्टॉक रजिस्टरला 'दुर्बीण, नग १' अशी नोंद न चुकता होत राहिली. दुर्बिणीची नोंद वर्षानुवर्षे अखंड, दुर्बिणीतून जे पाहायचे त्याची एकही नाही. त्या रजिस्टरची शिस्त मी हसण्यावारी नेत नाही. तीच शिस्त आभाळाला लावा, एवढेच म्हणतो.

पाटणच्या वरच्या पठारावर एक खोली. धुळ्याच्या डोक्यावर लळिंगच्या किल्ल्याशी दुसरी, म्हणजे जंगलाची हवा आणि शहराची हवा शेजारी शेजारी मांडता येईल. दोन्हीकडे एकाच बनावटीचे प्रकाशमापक यंत्र, दिवसा सूर्यासाठी आणि रात्री ताऱ्यासाठी. पावसाळ्याचे चार महिने यंत्राची देखभाल, उरलेले आठ महिने काम. प्रत्येक ठिकाणी दोन माणसे, कंत्राटी नव्हेत, पगारी आणि एक निवृत्त होण्याआधी वर्षभर दुसरा त्याच्या हाताखाली. वहीच्या तीन प्रती, त्यातली एक विद्यापीठात, एक पुण्याला. आणि एक पुतळा उभारायला लागतो तेवढा पैसा बँकेत, ज्याच्या व्याजावर हे चालेल. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत हा खर्च कुठल्या हेडखाली बसत नाही असे मला दोनदा ऐकवण्यात आले आहे. सोइदेवाने तो कुठल्या हेडखाली बसवला, ते दगडावर मराठीत कोरलेले आहे. पाटणला जाऊन वाचावे.